घशात काहीच नव्हतं

जेवायची भीती वाटणारी माणसं जगात कमी नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. तोवर वाटायचं, असलं चमत्कारिक दुखणं फक्त माझ्याच वाट्याला आलंय. हे वाचणाऱ्या कुणाला तसंच वाटत असेल तर त्याच्यासाठी लिहितेय. औषधांची नावं यात नाहीत. चिंतेच्या आजारांवरच्या खास दवाखान्यात गेल्यावर काय होतं, काय होत नाही, आणि तिथे पोचेपर्यंत घराचं काय झालेलं असतं, एवढंच सांगणार आहे. लिहिताना दमायला होतं, म्हणून तुकड्यातुकड्यांनी लिहिलंय.

मी वंदना. अंगणवाडी सेविका आहे. अंबडच्या पुढे अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहतो. माझे मिस्टर रमेश कारखान्यात फिटर आहेत. घरात आम्ही दोघं, माझ्या सासू, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि सात वर्षांची मुलगी आरू.

एक दाणा

शेजारी बारसं होतं. आम्ही बाया पंगतीला बसलो होतो. कुणीतरी काहीतरी बोललं, मी हसले आणि बुंदीचा एक दाणा नको तिथे गेला. श्वास आत जाईना आणि बाहेरही येईना. मांडवाचं कापड डोळ्यांसमोर पिवळं पिवळं झालं. मागून कुणीतरी पाठीत जोराची बुक्की घातली, दाणा बाहेर पडला आणि मी हवा ओढली.

"कोण एवढी आठवण काढून राह्यलं गं तुझी?" एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या, मीसुद्धा हसले. घरी येऊन धुणं वाळत घातलं आणि विसरून गेले.

पुढे काही आठवडे गेले. एका दुपारी भाकरीचा घास तोंडात होता. चावून झाला होता आणि गिळता येईना. घसा मिटला. छाती धाडधाड करायला लागली, हाताला मुंग्या आल्या. मी घास ताटात काढून ठेवला. त्या दिवशी तेवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी जेवायला बसायच्या आधीच माझा घसा मिटून तयार होता.

पातळ

आधी भाकरी सुटली. मग पोळी, मग भात. उरलं वरणाचं पाणी, ताक, चहात बुडवून लगदा केलेलं बिस्कीट. पाण्याची बाटली ताटाच्या डाव्या बाजूला असल्याशिवाय मी ते सुद्धा तोंडाला लावत नव्हते. आणि घरात कुणी मोठं माणूस समोर नसेल तर काहीच खात नव्हते, कारण अडकलं तर पाठीत बुक्की कोण घालणार?

अंगणवाडीत लेकरांची खिचडीही मी घोटून घोटून पातळ करायला लागले. आमच्या मदतनीस कावेरीबाई काही दिवस बघत होत्या. मग एकदा पळी बाजूला ठेवून म्हणाल्या, "बाई, लेकरायला दात हायेत की."

गरोदर बायांना ज्या काट्यावर उभं करायचं, त्यावर मी एकदा उभी राहिले. आकडा बघून खाली उतरले आणि पुन्हा त्यावर चढले नाही. त्याच बायांना मी रोज सांगायची, लोहाची गोळी चुकवू नका, पाण्यासोबत गिळा, त्याला काय एवढं. माझ्याच्याने त्या वेळी साबुदाण्याचा दाणा गिळवत नव्हता.

उपाशी माणसाचा थकवा वेगळा असतो. तो झोपेने जात नाही. बोलणं नकोसं होतं. कुणी हाक मारली की ओ द्यायच्या आधी आपण किती दूर आहोत असं वाटतं.

नॉर्मल

अंबडला दाखवलं, जालन्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. शेवटी संभाजीनगरला घशातून दुर्बीण घातली. रिपोर्टची वाट बघत बाकड्यावर बसलो होतो तेव्हा रमेश आणि मी एकच गोष्ट मनात धरून होतो आणि तिचं नाव दोघंही घेत नव्हतो. मी आरूच्या शाळेचा विचार करत होते. तिचे केस कोण विंचरणार, असला.

रिपोर्ट नॉर्मल आला. रमेश तिथेच बाकड्यावर तोंड झाकून रडले. मी नाही रडले. मला वाटलं, झालं, आता आपल्यावर कुणीच विश्वास ठेवणार नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरने चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. "ताई, नळी साफ आहे. भीती बसलीय. जालन्यातच मस्तगडला चिंतेच्या आजारांचा वेगळा दवाखाना आहे, तिथे जा."

चिठ्ठी मी पर्सच्या तळाला टाकली. डोक्याचा दवाखाना, एवढंच मी ऐकलं होतं. उन्हाळा गेला, पावसाळा आला, मी गेले नाही.

घर

आत्याबाईंच्या हातात बुक्की घालायचा जोर नाही असं मला वाटायचं. म्हणून रमेशची कारखान्यातली पाळी बदलायची तसं माझं जेवण बदलायचं. उसाचं गाळप सुरू झालं की फिटरला उसंत नसते. तरी ते मधल्या सुट्टीत मोटरसायकलवर घरी यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि माझ्या प्रत्येक घोटाकडे बघत राहायचे. "गेलं का? गेलं ना? घे, अजून घे." त्यांच्या कपड्यांना मळीचा वास असायचा. मला तो वास आला की घसा आवळायचा, कारण तो वास म्हणजे जेवायची वेळ.

एक दिवस त्यांनी वाटी आपटली. "समदे रिपोर्ट नॉर्मल हायेत. मंग राह्यलं काय? मी काय करू, सांग. तुझ्या घशात उतरू?"

ते बाहेर गेले, नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन समोर बसले. "घे," म्हणाले. "थोडं तरी."

नणंदेने फोनवर सुचवलं की कुणीतरी करणी केली असेल, एक जाणता माणूस आहे. फोन आत्याबाईंच्या कानाशी होता. "आपल्या घरात दीक्षा घेतल्यापासून, पन्नास-साठ वर्षं, असलं काही चालत न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् माझ्या जीवात जीव हाय तवर चालणार बी न्हाई." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "विहारात चल माझ्यासंगं. शांत बस. मन घट्ट कर. मनाचं हाय हे." मी दर पौर्णिमेला त्यांच्यासोबत गेले, बसले. तेवढा वेळ खरंच बरं वाटायचं. मग घरी येऊन ताट वाढलं की पुन्हा तेच.

मन घट्ट कर, हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी शेवटी ते माझ्या अंगावरून पाण्यासारखं वाहून जायचं. मन घट्टच तर झालं होतं. घशापर्यंत.

आरू

शाळेतून आरूचा डबा भरलेला परत यायला लागला. मी विचारलं तर म्हणाली, पोट भरलं. तिच्या वर्गाच्या बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ती एक घास इतका वेळ चावते की सुट्टी संपते."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. आरू एकटी ताटावर बसली होती. पाण्याची बाटली ताटाच्या डाव्या बाजूला. एक चिमणीच्या चोचीएवढा घास, मग बाटलीचा घोट, मग घशाला हात लावून बघणं.

"काय करती गं?"

"अडकतंय," ती म्हणाली. अगदी सहज. जसं एखादं मूल सांगतं की बाहेर पाऊस आहे.

मी पर्स उलटी केली, चिठ्ठी काढली आणि रमेशला म्हणाले, "मला जालन्याला न्या."

मस्तगड

दवाखाना दुकानांच्या वर होता. खाली भांड्यांचं दुकान, बाजूला जिना. चढताना मी ओढणी तोंडावर घेतली होती. वर गेल्यावर कळलं, निम्म्या बायांनी तशीच घेतलीय.

मी काय कल्पना केली होती कुणास ठाऊक. ओरडणारी माणसं, बांधून ठेवलेली माणसं. तिथे होता एक साधा हॉल, खुर्च्या, कोपऱ्यात माठ, आणि माझ्यासारखीच बसमधून उतरून आलेली, घाम पुसणारी माणसं. एक कागद दिला, त्यावर झोप कशी लागते, छाती धडधडते का, कुठे जायचं टाळता का असे प्रश्न. लिहिता येत नसेल तर तिथली मुलगी वाचून दाखवते. थांबावं लागतं, बरंच थांबावं लागतं. सोबत कुणी असेल तर बरं.

माझ्या बाजूला भोकरदनचा एक अडत दुकानदार होता. मोंढ्यात धान्याचा धंदा, अंगाने धिप्पाड. बसमध्ये बसलं की त्याचा जीव जायला लागायचा, म्हणून भाच्याच्या मोटरसायकलवर आला होता.

"तुमचं काय, ताई?"

"घास गिळता येत न्हाई."

"वरण तं गिळता ना?"

"तेवढंच."

"मंग बरंय की. मला तं बसचं वरण करून बी पेता येत न्हाई."

मला हसू आलं. किती महिन्यांनी, ते आठवेना. त्याच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि तोही हसत होता.

आत रेवती मॅडम होत्या. त्या मानसोपचाराचं काम बघतात. गोळ्या देणारे डॉक्टर वेगळे, ते आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतात. खुर्चीवर बसल्याबरोबर मी सवयीने आ वासला. इतक्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं होतं.

"तोंड मिटलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "मला फक्त ऐकायचंय."

मी सांगत गेले. बारसं, भाकरी, बाटली, आरू. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "तुमचा घसा खोटं बोलत नाहीये. भीती वाटली की घशाचे स्नायू खरोखर आवळतात. पण आवळलेला घसा म्हणजे बंद झालेला घसा नव्हे. हा भीतीचा आजार आहे आणि यावर उपचार आहे."

"म्हणजे मी नाटक करत नाहीये?"

"नाही."

तेव्हा मी रडले. रमेश शेजारी बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

डॉक्टरांनी गोळी दिली. मी ती हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहिले. गिळणार कशी? त्यांच्या लक्षात आलं. ही गोळी चुरून घेतली तरी चालते म्हणाले, पण प्रत्येक गोळी चालत नाही, तेव्हा मनाने काही करू नका, विचारून घ्या. गोळीचा गुण लगेच दिसत नाही. सुरुवातीला मला मळमळलं आणि मी आणखी घाबरले. फोन केला, तर म्हणाले, हे होतं, थोडं थांबा. थांबले. हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिलं.

बाटली

पहिल्या दिवशी जे हलकं वाटतं ते दुसऱ्या खेपेला राहत नाही. कारण दुसऱ्या खेपेपासून काम सुरू होतं, आणि ते काम तुम्हालाच करायचं असतं.

मला वाटलं होतं, मॅडम बोलतील आणि भीती जाईल. मॅडमनी टेबलावर बिस्किटाचा पुडा ठेवला. एक स्वतः घेतलं, एक मला दिलं. कोरडं. माझी बाटली उचलून खिडकीत ठेवली.

"मला नाही जमणार."

"घाबरत घाबरत खायचंय. भीती जायची वाट बघायची नाही."

तुकडा तोंडात घेतला. ते सगळं सुरू झालं, धडधड, मुंग्या, मिटलेला घसा. मी खिडकीतल्या बाटलीकडे बघत होते. मॅडम शांतपणे त्यांचं बिस्कीट खात होत्या. "आता भीती किती आहे? अजून चढतेय का? बघत राहा." भीती चढली, खूप चढली, आणि मग, कसं सांगू, ती कंटाळली. मी नाही काही केलं. ती तिच्या तिच्याने उतरायला लागली. तुकडा कधी गेला ते मला कळलंच नाही.

मग दर खेपेला असंच. बाटली पुढच्या वेळी दाराबाहेर, मग खाली भांड्याच्या दुकानात. कोरडं बिस्कीट, मऊ भात, पोळीचा पदर. सोपं आधी, अवघड नंतर. अवघडातलं सगळ्यात अवघड होतं घरात एकटीने खाणं. घरी रोज सराव. श्वास सावकाश सोडायला शिकवतात, त्याने मदत होते, पण ती जादू नाही. जादू तिथे कशातच नाही.

सगळ्यात जास्त आठवतो तो प्रवास. अंकुशनगरहून अंबड, अंबडहून जालना, पोटात काही नाही, ऊन, उभ्याने. तिथे जाऊन घाबरायचं, पुन्हा उभ्याने परत. कितीदा वाटलं, राहू दे. ताक पिऊन माणूस जगतं की.

रमेशची पाळी

मॅडमनी एकदा रमेशला एकट्याला आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, रागावल्या असतील. बसमध्ये मग सांगितलं.

"मी समोर बसून बघायचं न्हाई म्हणे. 'गेलं का' विचारायचं न्हाई. मी तुझी दुसरी बाटली झालो म्हणे." खिडकीबाहेर बघत होते. "मी तं मदत करून राह्यलो होतो ना, वंदना?"

"करतच होता."

"मंग आता काय करू जेवताना?"

"तुम्ही जेवा," मी म्हणाले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की वर्षभर हे माझ्यासमोर बसून जेवलेच नव्हते. उभ्याने काहीतरी तोंडात टाकून कारखान्यात पळायचे. त्यांचाही शर्ट गळ्याशी सैल झाला होता. मी बघितलंच नव्हतं. आजारी माणसाला दुसऱ्याचा थकवा दिसत नाही, तेवढी जागाच उरत नाही.

आत्याबाईंनाही हा निरोप पोचवला. आग्रह करायचा नाही, विचारायचं नाही. त्यांनी तो इतका मनावर घेतला की मला जेवायला हाक मारणंही सोडलं. ताट ठेवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

कढीपत्ता

सांगायला नको वाटतं, पण सांगते. भात, वरण, पोळी इथपर्यंत मी आले होते. गोळी अख्खी गिळायला लागले होते. आणि एक दिवस आमटीतलं कढीपत्त्याचं पान टाळूला चिकटलं. उमासा आला, सगळं बाहेर पडलं. त्या दिवसापासून पुन्हा वरणाचं पाणी. पुन्हा बाटली. आरू बघत होती, हेही मला दिसत होतं आणि तरी जमत नव्हतं.

ठरलेल्या दिवशी मी जालन्याला गेले नाही. पुढच्या वेळीही नाही. रमेश काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची मनाई होती.

एका सकाळी आत्याबाई पातळ नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "चल."

"कुठं?"

"मी जालन्याला जाऊन राह्यले. मला गुडघ्याचं दाखवायचंय. तुला यायचं तं ये."

गुडघ्याचे डॉक्टर अंबडला आहेत, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी निघाले. जालन्याच्या स्टँडवर उतरून त्या रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "मस्तगड." जिना चढताना गुडघा मात्र खरोखरच दुखत होता, प्रत्येक पायरीला थांबल्या.

हॉलमध्ये बसल्यावर त्यांनी फडकं सोडलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला आणि खायला लागल्या. सगळ्यांच्या देखत. "मी खाऊन राह्यले," म्हणाल्या. "तू बस."

मी बसले. वास आला. तोंडाला पाणी सुटलं, ते कितीतरी दिवसांनी. मी हात पुढे केला. त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही, फक्त फडकं माझ्या बाजूला सरकवलं. नखाएवढा तुकडा घेतला. भीती वाटली. खाल्ला. आणखी एक घेतला.

आत गेल्यावर मॅडमना पानाचं सांगितलं. मला वाटलं, त्या निराश होतील. त्या म्हणाल्या, "घसरलात. तळाला नाही गेलात. घसरणं सगळ्यांचं होतं, तेही उपचारात धरलेलं असतं." मग आत्याबाईंना आत बोलावलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय," आत्याबाई म्हणाल्या. मग पदर बोटाला गुंडाळत बसल्या. "हिचे सासरे गेल्ते तवा मला बी असंच व्हायचं. घास फिरायचा तोंडात. लोकायनं म्हटलं, मन घट्ट कर. मी बी हिला तेच म्हणत राह्यले. दुसरं काही मला बी कुणी सांगितलं न्हवतं."

हे त्यांनी याआधी कधीही सांगितलं नव्हतं. रमेशलाही नाही.

आता

मॅडमकडे जाणं आता क्वचित असतं. डॉक्टर गोळी हळूहळू कमी करताहेत, त्यांच्या हिशेबाने, माझ्या नाही. भोकरदनचे अडतवाले मागच्या खेपेला बसने आले होते. घामाने निथळत होते, पण बसने. एकमेकांचे नंबर आम्ही घेतले नाहीत. भेटले की मान हलवतो.

मी बरी झाले का, असं लोक विचारतात. मी भाकरी खाते. एकटीने खाते. काही दिवशी घसा आवळतो, त्या दिवशी जेवायला वेळ लागतो. वजन परत आलंय, सगळं नाही. थकवा अजून आहे. इतके महिने भीतीला धरून ठेवलं की अंग लवकर मोकळं होत नाही, हे कुणी सांगत नाही. लवकर बरं वाटलं नाही तर स्वतःला बोल लावू नका. आणि चिठ्ठी पर्सच्या तळाला टाकू नका.

आरूसाठी मॅडमनी वेगळे उपचार लागणार नाहीत म्हणून सांगितलं होतं. तिच्या खाण्याकडे बघत बसू नका, तुम्ही जेवा, ती बघेल.

परवाच्या रविवारी मी दोडक्याची भाजी केली होती. रमेश पाळीला गेले होते. आम्ही तिघी जेवायला बसलो. आरू म्हणाली, "आई, तुला अजून भीती वाटती का?"

"कधी कधी वाटती."

"मंग खाती कशी?"

"वाटू देती. अन् खाती."

तिने थोडा विचार केला आणि ताट पुढे ढकललं. माझा घास हातातच राहिला. विचारायचं नाही हे ठाऊक असून मी विचारलं, "काय झालं? अडकतंय?"

"न्हाई. दोडका आवडत न्हाई मला. लई बेकार लागतो."

"आवडत न्हाई म्हंजे?" आत्याबाई म्हणाल्या. "गपचूप खा."

"न्हाई खाणार."

मग मी तिला रागावले. नीट रागावले, जशा इतर आया रागावतात तशी. ती गाल फुगवून बसली. शेवटी दोडका ताटाच्या कडेला सारून तिने चटणीशी भाकरी खाल्ली, भराभर, शाळेतलं काहीतरी सांगत सांगत, तोंडात घास असतानाच. मी तिच्याकडे बघत बसले नाही. माझं जेवण व्हायचं होतं.